बॉयलरमागची नणंद

सूनबाईनं ती डबी बॉयलरच्या मागे खिळ्याला टांगली, त्याच दिवशी मी तिचं नाव नणंद ठेवलं. हाताला काम नाही, भिंतीला टेकून राहायचं, घरात कुठं काय जळतंय त्याचा वास घ्यायचा, आणि जरा खुट्ट झालं की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं. मला सख्ख्या नणंदा आहेत, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही.

आमची लाँड्री आहे. खाली लाँड्री, वर घर. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, लग्नाच्या हॉलचे टेबलक्लॉथ असं सगळं आमच्याकडे येतं. सासऱ्यांनी ती काढली, ह्यांनी चालवली आणि मी टिकवली. हे मी ह्यांच्यासमोरही म्हणते आणि हे मान डोलावतात. माझी शाळा अक्षरओळखीपुरती झाली, पण चादर हातात घेतली की ती कुठल्या हॉटेलची आणि तिच्यावर कोण झोपून गेलं असेल, हे मला कळतं. पुढचं सांगत नाही, घरात नात आहे.

तर ती डबी. बॉयलरचं धुराडं कधी तुंबलं तर खोलीत एक विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी पेंगतो आणि उठत नाही. तो वायू ओळखून भोंगा वाजवणाऱ्या डब्या करते सूनबाईची कंपनी. सूनबाई तिथली इंजिनियर. तिचं काम म्हणजे डबीला खरंखोटं शिकवणं. कारण ही डबी मुलखाची नाजूक. हवा दमट झाली की तिचा आकडा चढतो, गरम झाली की चढतो, गार झाली की उतरतो, आणि वायू असतो कुठं, तर कुठंच नाही.

"मग असली भित्री डबी करायचीच कशाला?" मी विचारलं.

"आई, ती भित्री नाही. तिला हवेतला फरक कळतो, पण कशानं पडला ते कळत नाही. ते आपण तिला सांगायचं. इतकी वाफ असेल तर इतकं वजा कर, इतकी उष्णता असेल तर इतकं."

"म्हणजे टोपलीसारखं."

आमच्याकडे कपडे वजनावर घेतात. टोपलीसकट काट्यावर ठेवायचे आणि टोपलीचं वजन वजा करायचं. पण वेताची टोपली पावसाळ्यात पाणी पिते आणि जड होते. तेव्हा उन्हाळ्यातलं वजन वजा करून चालत नाही, गिऱ्हाईक भांडायला येतं. म्हणून आम्ही रोज सकाळी रिकामी टोपली आधी तोलतो.

सूनबाई म्हणाली, "अगदी तसंच. मी सध्या रिकामी टोपली तोलतेय. हवेत वायू नसताना दिवसभरात डबीचा आकडा कसा कसा हलतो, ते टिपून ठेवायचं. मग तेवढं वजा करायला तिला शिकवायचं."

मला पटलं. पटलं म्हणून मी तोंडावर दाखवलं नाही. सुनेला एका दिवसात सगळं द्यायचं नसतं.

आता ह्यात अडकलं होतं ते सांगते. कंपनीचं मोठं ऑफिस लांब आहे, रात्रभराच्या प्रवासाचं. कंपनी म्हणत होती, सगळ्यांनी तिकडेच या. सूनबाईनं साहेबलोकांना सांगितलं की लाँड्रीइतकी वाईट हवा तुम्हाला तुमच्या काचेच्या खोलीत मिळणार नाही, मला इथंच काम करू द्या. ते म्हणाले, ठीक आहे, त्या हवेत एक डबी नीट चालवून दाखव. आमच्या मॅडम येऊन बघतील. चालली तर तपासणीचं टेबल तुझ्या घरी मांडू. नाही चालली तर बाडबिस्तरा बांध.

बाडबिस्तरा म्हणजे सूनबाई, माझा लेक आणि नात चिमणी. लेक आमची गाडी चालवतो, तो तिकडे कुणाचीही चालवील. मी सगळ्यांदेखत म्हणाले, जायचं तर खुशाल जा, मला काही फरक पडत नाही, वरच्या दोन खोल्या भाड्यानं देईन. हे ऐकून चिमणी माझ्या मांडीवर येऊन बसली ती उठेना. मी तिला उठवलंही नाही, पण ते माझे गुडघे आखडले होते म्हणून.

झालं. मोजणी सुरू झाली. मोजायच्या दिवसांत भोंग्याची तार काढून ठेवली होती, नाहीतर नणंदेनं गिऱ्हाइकं पळवली असती. सूनबाई लॅपटॉपवर वर-खाली होणारी रेघ बघत बसायची. सकाळी बॉयलर पेटला की रेघ चढायची. इस्त्रीचे रोलर सुरू झाले, वाफ उठली की आणखी चढायची. तेवढं तिनं डबीला वजा करायला शिकवलं. मग राहिला एक उंचवटा. तो रोज यायचा दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा रोलर बंद असतात, बायका डबे घेऊन मागच्या अंगणात बसतात, वाफ बसते, खोली हळूहळू गार होते. रेघ उतरायला हवी, तर ही टुणकन वर.

"खोली गार होताना डबी अशी वागते वाटतं," सूनबाई म्हणाली आणि गार होण्याचंही वजा करायला तिला शिकवून मोकळी झाली.

मी चादरींच्या घड्या घालत तिथंच होते. मी काही बोलले नाही. मला कुणी विचारलंही नाही.

आता ह्यांच्याबद्दल. ह्यांना छातीचा त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी सिगारेट बंद केली. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून, लेकासुनेसमोर, शपथ घेतली. शिवाय स्वतःच्या हातानं ब्रश घेऊन लाँड्रीच्या दारावर पाटी रंगवली, 'धूम्रपान सक्त मना'. अक्षर सुंदर आहे ह्यांचं. आणि पाटी वाळायच्या आत बॉयलरच्या मागे स्टूल गेलं.

त्यांना वाटतं कुणाला माहीत नाही. अहो, मी धोबीण आहे. माणसाच्या शर्टाची कॉलर नाकाशी नेली की त्याचा सगळा दिवस मला कळतो, तो कुणाशी भांडला तेसुद्धा. लवंग चघळून तोंड लपेल, शर्ट कुठं लपवणार? पाकीट कुठं असतं तेही मला माहीत होतं, बंद पडलेल्या पाइपाच्या खोबणीत. मी रोज सकाळी त्यातल्या सगळ्या काढून घ्यायची आणि एक ठेवायची. जास्त ओढाव्यात इतका काही माझा राग नव्हता त्यांच्यावर. हे नवीन पाकीट आणायचे, दुसऱ्या दिवशी त्यात एकच उरलेली. त्यांना वाटायचं आपली स्मरणशक्ती गेली. एकदा मला म्हणालेसुद्धा, "हल्ली विसरायला होतं गं." मी म्हटलं, "वय झालं."

आणि मी बोलले का नाही? तर चोरून काही करणारा नवरा फार गुणी असतो. हे पाय चेपून देत होते. चादरीचं दुसरं टोक धरायला न बोलावता येत होते. माझ्या बहिणीकडे राहायला चला म्हटलं तर चपला घालून तयार. ही सगळी सुखं एका सिगारेटच्या जिवावर. मी कशाला तोंड उघडू?

मॅडम यायच्या आठवड्यात सूनबाईनं रंगीत तालीम घेतली. तिच्याकडे एक छोटं नळकांडं होतं, त्यात नेमका मापाचा तो वायू. नळी डबीच्या तोंडाशी धरून सोडला की डबीनं ओरडायचं. सकाळी सोडला, ओरडली. वाफेत सोडला, ओरडली. दुपारच्या सुट्टीत सोडला, तर मख्ख. पुन्हा सोडला, मख्ख. एरवी फुकट ओरडणारी नणंद ऐन विषारी वायूत झोपा काढतेय.

सूनबाई तिथंच पालथ्या बादलीवर बसली. तिचा चेहरा बघवेना. "कालपर्यंत दुपारची रेघ सरळ येत होती, आई. आज खड्डा पडलाय. खोली तीच, वाफ तीच. आज काय वेगळं आहे?"

वेगळं काय होतं ते मला माहीत होतं. हे दाढ काढायला गेले होते.

एका बाजूला माझे चेपलेले पाय, दुसऱ्या बाजूला मांडीवरची चिमणी. मग म्हटलं, "उद्या आणि परवा दुपारची परत मोज. तेवढा वेळ मी तुझ्या सासऱ्यांना माझ्याजवळ बसवून ठेवते."

"बाबांचा काय संबंध?"

"मोज तर खरी."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर मी ह्यांच्यासमोर दवाखान्याच्या डगल्यांचा ढीग टाकला आणि बटणं शिवायला बसवलं. काय ती तगमग. दर दोन टाक्यांनी खिडकीकडे बघायचे. "जरा बॉयलरचं प्रेशर बघून येतो." "मी बघितलंय." "पाणी पिऊन येतो." "हे घ्या पाणी." "पाय मोकळे करतो." "इथंच करा, मी बघते कसे होतात ते." त्यांनी एका डगल्याचं बटण स्वतःच्या बाहीला शिवलं.

आणि तिकडे उंचवटा गायब. त्याच्या नंतरच्या दिवशीही गायब. सूनबाई हुशार आहे, उगाच नाही कंपनी तिला लांबून बोलावत. ती रेघेकडे बघत राहिली, मग उठून बॉयलरच्या मागे गेली, स्टुलाखाली वाकली आणि एक जळकी काडी चिमटीत धरून बाहेर आली. ती काडी, ते स्टूल, त्याच्या बरोबर वर टांगलेली डबी. मग ती तोंडावर पदर असल्यासारखा ओढणीचा बोळा धरून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आई, सिगारेटच्या धुरात हाच वायू असतो. मी बाबांना हवामान समजले. रोज दुपारी डबीतून बाबांना वजा करत होते."

"म्हणजे टोपली तोलताना ह्यांचा हात काट्यावर होता."

"आणि मी तो हात टोपलीच्या वजनात धरला." ती एकदम थांबली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय माहीत नसतं ते विचार."

"मग बोलला का नाही?"

"तू मला विचारलंस का? तू हवेला विचारत होतीस."

तिनं बाबांना वजा करणं काढून टाकलं, नव्या मोजणीवर डबीला पुन्हा शिकवलं, नळकांडं लावून बघितलं. सकाळी ओरडली, वाफेत ओरडली, दुपारीही ओरडली. मी सूनबाईला बजावलं, ह्यांना ह्यातलं अक्षर कळता कामा नये. ती म्हणाली, "पण आई, आता भोंगा जोडलेला असणार." मी म्हटलं, "ते माझ्यावर सोड." सासूनं हे म्हटलं की सुनेनं सोडायचं असतं. तिनं सोडलं.

मॅडम आल्या. पँट, आखूड केस, बोलणं मोजून-मापून. असली माणसं मला आवडतात, पण घरी येऊ नयेत. सकाळभर त्यांनी नणंदेला छळलं. रोलरच्या वाफेत उभं केलं, ती गप्प. नळकांडं लावलं, ती ओरडली. दार उघडून गार वारा आत घेतला, गप्प. मॅडम टॅबवर काहीतरी लिहायच्या आणि चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

दुपारची सुट्टी झाली. ह्यांना मी पुन्हा डगल्यांची बटणं शिवायला बसवून आले होते. "हीच अवघड वेळ," मॅडम म्हणाल्या. "हवा पटकन बदलते. सुट्टी संपेपर्यंत डबी उगाच वाजली नाही, तर माझं समाधान झालं." मी त्यांना इस्त्रीच्या टेबलाशी बसवलं, चांगल्या कपातून चहा दिला आणि आमच्या लाँड्रीची थोरवी सांगायला घेतली. सासऱ्यांपासून सुरुवात केली म्हणजे वेळ लागतोच. चिमणी शाळेतून आली, दप्तरासकट माझ्या शेजारी बसली.

"एक विचारायचं राहिलं," मॅडम मध्येच म्हणाल्या. "इथं कुणी सिगारेट ओढतं का? धुरानं डबी वाजू शकते."

"माझ्या घरात?" मी म्हटलं. "दारावरची पाटी वाचलीत ना? आमच्या ह्यांनी स्वतः रंगवली. ह्या घरात सिगारेटीच्या नावानं कुणी काडी ओढत नाही."

मॅडमनी कप खाली ठेवला आणि भोंगा वाजला.

चांगला वाजला. अंगणातल्या बायका हातातले घास घेऊन आत आल्या. सूनबाई पांढरी पडली. मॅडमनी बॉयलरची झडप बघितली, धुराड्याचा सांधा बघितला, स्वतःजवळचं दुसरं यंत्र त्याच्याशी धरलं. "गळती नाही. धूर कुणी करत नाही. म्हणजे हवा बदलल्यामुळे वाजली. नेमकं हेच टाळायचं होतं." आणि त्यांनी टॅब उघडला.

बॉयलरच्या मागच्या अंगाला कुणी गेलं नव्हतं. तिथं जायला भिंतीला पाठ घासत जावं लागतं. मी ह्यांना शोधलं, कुठंच नव्हते. मग सूनबाईकडे बघितलं. तिला कळलं होतं. एक शब्द बोलली असती तर तिची सुटका होती. पण ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली, नजर खाली. सगळ्या बायकांसमोर, पाहुण्यांसमोर सासऱ्यांची अब्रू काढायची नाही, आणि मलाही खोटं पाडायचं नाही. घर सोडायची वेळ आली तरी चालेल. असली सून मी काय दोन खोल्या भाड्यानं देण्यासाठी घालवायची होती?

मी उठले. भिंतीला पाठ घासत मागे गेले. हे स्टुलावर, डोळे विस्फारलेले, ओंजळीत सिगारेट लपवलेली, धूर बोटांमधून वर येतोय आणि वर नणंद ठणाणा करतेय.

"द्या इकडं," मी हळूच म्हटलं.

"काय?"

"हातात आहे ते."

"अगं, मला जरा धाकधूक वाटत होती म्हणून एकच..."

"एकच असते. मला माहीत आहे. द्या, आणि मी सांगेपर्यंत हलू नका."

मी बाहेर आले ती सिगारेट दोन बोटांत धरून. उदबत्ती धरतात तशी धरली असणार, मला कुठं सवय. "ही माझी आहे," मी म्हटलं. "तुमची डबी बरोबर बोलली. मी चहा आणायला उठले तेव्हा ओढत होते, तिथंच ठेवून आले. वयामुळे विसरायला होतं."

चिमणी म्हणाली, "आजी, तू?"

"तू दप्तर ठेव आधी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, सिगारेटीकडे बघितलं. "तुम्ही तर आत्ता म्हणालात..."

"स्वतःची बदनामी पहिल्या चहाला कुणी करतं का?"

सूनबाई काहीतरी बोलायला गेली, मी डोळ्यांनीच तिला बसवलं. मॅडमनी विचार केला. "एकदा वाजली हा योगायोगही असू शकतो. खिडकी उघडा, आकडा खाली येऊ दे. मग त्याच जागी बसून पुन्हा ओढा. पुन्हा वाजली, तर सिगारेटमुळेच वाजते हे सिद्ध होईल. तुमच्याकडे दुसरी आहे?"

आता आली का पंचाईत. हातातली संपून विझली होती. आणि मॅडम माझ्याकडे अशा बघत होत्या की दुसरी नाही म्हटलं तर पहिलीही माझी नव्हती हे त्यांना कळलं असतं. मी कमरेचा बटवा सोडला. रोज सकाळी काढून घेतलेल्या सगळ्या त्यात होत्या, टाकून देणं मला जमत नाही, घरातली वस्तू आहे. मूठभर निघाल्या. काही वाकलेल्या होत्या.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तर बऱ्याच ओढता."

हे त्याच वेळी बॉयलरच्या आडून डोकं काढून बघत होते. त्यांनी बटवा बघितला, मूठ बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. इतक्या महिन्यांचं विसरणं एका क्षणात आठवलं त्यांना. बिचाऱ्यांचं तोंड उघडं ते उघडंच.

आकडा खाली आला. मी जाऊन स्टुलावर बसले. सगळी लाँड्री कोपऱ्यातून वाकून बघत होती. मी सिगारेट ओठांत धरली आणि मग लक्षात आलं की काडीपेटी नाही. तेवढ्यात हे पुढे झाले. खिशातून काडीपेटी काढली, काडी ओढली, तळव्याच्या आडोशाला ज्योत धरून माझ्यासमोर वाकले. आमच्या लग्नातही हे माझ्यासमोर इतक्या अदबीनं वाकले नव्हते.

मी ओढली. काय सांगू. ओल्या गोणपाटाला आग लावून छातीत कोंबल्यासारखं झालं. मला जो ठसका लागला त्यात माझा चष्मा उडाला आणि चिमणीनं तो झेलला. पण ठसका संपायच्या आत नणंद वाजायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा नणंदेच्या ओरडण्यानं माझा जीव भांड्यात पडला.

मॅडमनी वेळ टिपली, आकडा टिपला. खिडकी उघडल्यावर भोंगा आपोआप बंद झाला, तेही टिपलं. मग बायका जेवायला परत गेल्या, आणि सुट्टीचा राहिलेला वेळ आणि वर थोडा, त्या डबीसमोर उभ्या राहिल्या. रोलर सुरू झाले, वाफ उठली, खोली तापली. नणंद गप्प.

"बॉयलरमागे एक सिगारेट, एवढ्या वाफेतून वेगळी ओळखली," त्या सूनबाईला म्हणाल्या. "टेबल पुढच्या महिन्यात पाठवते." मग पर्स उचलली आणि दाराशी, पाटीखाली थांबून, पहिल्यांदा जरा हसल्या. "आजोबा, काडी मात्र फार सराईतपणे लावलीत."

ह्यांनी पाटीकडे बघितलं.

रात्री लेक घरी आला तोपर्यंत गल्लीत पसरलं होतं की लाँड्रीवाल्या आजी चोरून सिगारेटी ओढतात. मी कुणाला काही खुलासा दिला नाही. उलट कोपऱ्यावरचा दुकानदार हल्ली मला जास्त वचकून असतो. ह्यांचं म्हणाल, तर पूर्वी हे चोर होते, आता ऋणी आहेत. चोराला कधीतरी चोरीची सवय होते, ऋणी माणसाला ऋणाची होत नाही. पाय तर चेपतातच, आता चहाही करतात.

टेबल आलं. मागच्या खोलीत मांडलं. सूनबाई त्यावर ओळीनं डब्या लावून प्रत्येकीला गरम, दमट, गार शिकवत बसते आणि चिमणी शेजारी अभ्यासाचं सोंग करते. नणंद बॉयलरमागे कायमची राहिली, भोंगा जोडून. त्यामुळे स्टूल गच्चीवर गेलं, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. ते कुणी नेलं हे कुणी बोलत नाही.

परवा सूनबाई कपडे वाळत घालून खाली आली आणि साधेपणाचा आव आणून म्हणाली, "आई, एक डबी शिल्लक आहे. गच्चीवर टांगू का?"

"नको," मी म्हटलं. "उघड्यावर वाऱ्यानं बिघडेल."

"ती वाऱ्यात चालावी म्हणूनच केली आहे."

"सूनबाई, घरात एक तरी गोष्ट मला एकटीला माहीत असू दे."

ती हसून गेली. मी वर गेले, टाकीमागच्या कुंडीखालचं पाकीट काढलं, बटव्यात रिकामं केलं आणि एक ठेवली.